हात नको, वेळ द्या

गंगापूर रोड, नाशिक

ती. ताईस,


परवा फोनवर तुझा कंठ दाटून आला, आणि माझा आवाज संध्याकाळ झाली की बसतो तसा बसला. बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हे पत्र. भाऊजींना पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतीस, "मी करू काय?" पुढे काय होईल हे त्यांच्या डॉक्टरांनाही आज नेमकं सांगता येणार नाही, कारण हा आजार प्रत्येकाकडे वेगळ्या गतीने सरकतो. पण तू काय करावंस हे मी सांगू शकते. हा आजार अंगावर घेऊनच मी या घरात वावरते आहे.

त्यांना हात देण्याआधी वेळ दे. ऐकायला सोपं आहे, पण घरातल्या प्रेमाच्या माणसांना नेमकं हेच जड जातं.

हे पत्र कशावर लिहिलंय बघ. नातवाच्या दुरेघी वहीची पानं आहेत ही. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं. कोऱ्या कागदावर सुरुवात बरी होते, पण चार ओळींनंतर माझं मलाच वाचता येत नाही. दोन रेघा आखलेल्या असल्या की प्रत्येक अक्षर वरच्या रेघेला टेकवायचं एवढंच मी मनात धरते आणि अक्षर मोठं राहतं. हात तोच, बोटंही तीच. सवयीने होणारं काम आता लक्ष देऊन करावं लागतं, इतकंच. चालण्याचंही तसंच झालंय.

मेंदूच्या आत खोलवर सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा गडद रंगाचा एक लहानसा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. या आजारात त्या पेशी हळूहळू मरत जातात. चालणं, अंथरुणात कूस बदलणं, ब्लाउजचं हूक लावणं ही कामं आपण विचार न करता करतो, आणि ती तशी बिनबोभाट होत राहायला डोपामिन लागतं. ते कमी पडलं म्हणून पाय लुळे पडत नाहीत. पायात ताकद असते, पण पावलं आपणहून पडेनाशी होतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने 1817 मध्ये या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं ते फक्त सहा रुग्णांवरून, आणि त्यातले काही त्याने रस्त्याने जाता-येताच पाहिलेले होते.

पुढे बऱ्याच जणांचे पाय चालता चालता जमिनीला चिकटतात. आम्ही त्याला 'फ्रीझ होणं' म्हणतो. माझं ठरलेलं ठिकाण म्हणजे बाथरूमचं दार. खोलीतून दारापर्यंत मी नीट येते. चौकट जवळ आली की पावलं तोकडी पडू लागतात, टाचा उचलल्या जातात, पण चवडे सुटत नाहीत. धड पुढे निघालेलं असतं आणि पाय तिथेच. अशा वेळी कुणी मायेने हात धरून ओढलं की मी सरळ तोंडावर. आणि मागून "अगं, चल ना" असं कुणी म्हटलं की जे पाऊल सुटायच्या बेतात असतं तेही थिजतं.

तेव्हा भाऊजींचं असं झालं, तर ओढू नकोस आणि घाईही करू नकोस. त्यांना आधी पूर्ण थांबू दे. ताठ उभं राहून, श्वास घेऊन, अंगाचा भार एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पायावर टाकू दे. मग तुझं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेव आणि ते ओलांडायला सांग. डोळ्यांसमोर ओलांडण्याजोगं काही आलं की पाय बहुतेक वेळा उचलला जातो. आमच्या फिजिओथेरपिस्टने याच कारणाने बाथरूमच्या दारापाशी पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवून घेतल्या, एकेका पावलाच्या अंतरावर. मी दाराकडे बघतच नाही. पहिली पट्टी, दुसरी पट्टी, की आत.

बघणाऱ्याला हे खोटं वाटतं. गोदाघाटाच्या दगडी पायऱ्या मी सुनेला एक पायरी खाली ठेवून उतरते, आणि वर येऊन सपाट फरशीवर अडकते. "मघाशी तर छान उतरलात," असं लोक म्हणतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शंका दिसते. कुणी हे भाऊजींना म्हणालं तर तू ठामपणे सांग, की आजारच असा आहे. प्रत्येक पायरी ही डोळ्यांना दिसणारी खूण असते, सपाट जमिनीवर खूणच नसते. मूळची पुण्याची मिलेहा सोनेजी ही डिझायनर आहे. तिच्या काकांना पार्किन्सन्स होता. सपाट जमिनीवर चालताना अडखळणारे काका जिना मात्र सहज चढतात-उतरतात हे तिने पाहिलं. तिने जिन्याचा भास होईल असं चित्र कागदावर छापून जमिनीवर अंथरलं, आणि काका त्यावरून चालत गेले. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये अशाच एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला चार पावलं धड टाकता येत नव्हती, पण तो सायकल उत्तम चालवत होता. म्हणून काही भाऊजींना एकट्याने जिना चढू देऊ नकोस. आणि एक गोष्ट जमली म्हणून दुसरीही जमायलाच हवी असा हिशेब मांडू नकोस.

रेघेसारखाच ताल उपयोगी पडतो. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबक रोडने दिंड्या जातात, त्यांचे टाळ लहानपणापासून कानात आहेत. व्यायामासाठी मला ठोके देणारा मेट्रोनोम लावायला सांगितलं होतं. मी मोबाइलवर टाळांचा ठेका लावते आणि प्रत्येक ठोक्याला पाऊल टाकते. भाऊजींना मुकेशची गाणी आवडतात ना? त्यातली चालण्याजोग्या लयीची निवड. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने 2001 मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले, आणि पुण्यात हृषीकेश पवार यांनीही असे वर्ग घेतले. तिथे लोक आजार विसरायला जात असतील, पण पाय हलतात ते तालामुळे.

आता गोळ्यांचं. लेव्होडोपाची गोळी म्हणजे मेंदूला बाहेरून पुरवलेला कच्चा माल, त्याचं तिथे डोपामिन होतं. ती आजार थांबवत नाही, पण दिवस हातात देते. वर्षं सरली की गोळीचा अंमल दोन डोसांच्या मधेच उतरू लागतो. माझा दिवस आता त्या घड्याळावर चालतो: अंघोळ, फिरणं, बँक, सगळं गोळी लागू झाल्यावर. डाळ, दूध, पनीर यांतली प्रथिनं आणि गोळी यांची आतड्यात चढाओढ होते, म्हणून मला जेवणाआधी निदान अर्धा तास गोळी घ्यायला सांगितलंय. भाऊजींच्या वेळा त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घे आणि त्या पाळ. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, कुणी काहीही सांगो. दुसऱ्या कारणाने दवाखान्यात गेलात तर आधी पार्किन्सन्स आहे हे सांग. उलटीवर सर्रास देतात ते मेटोक्लोप्रामाइड या आजारात त्रास वाढवतं.

आता घरी येणारा प्रत्येक जण कवचबीज सुचवेल. ते थोतांड नाही. खाजकुयलीच्या त्या बियांमध्ये लेव्होडोपाच असतो, हे 1937 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून तर डॉक्टरांना न विचारता ते द्यायचं नाही. एकच औषध दोन वाटांनी पोटात गेलं, तर किती गेलं ते कळणार कसं?

ताई, हे वाढत जाणार, हे तुझ्यापासून लपवत नाही. मी आधी काठी घेतली, आता घराबाहेर वॉकर लागतो, आणि उद्या व्हीलचेअर लागेल. प्रत्येक वेळी नातेवाईक हळहळतात, "इतक्यात कशाला?" पण वॉकर आल्यापासून मी पुन्हा कॉलेज रोडला भाजी घ्यायला जाते. पडण्याच्या भीतीने घरात बसले होते त्यापेक्षा जास्त चालते. भाऊजी पडल्यावर नको, पडण्याआधीच साधन आण. मन खचणं हाही या आजाराचाच भाग असतो. भाऊजी गप्प गप्प झाले तर "मनाला लावून घेऊ नका" म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांना सांग. आणखी एक: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये पार्किन्सन्स आहे. गरज वाटेल तेव्हा सिव्हिलमध्ये प्रमाणपत्राची चौकशी करा. त्यात कमीपणा काही नाही.

बाहेरच्या जगाशी माझं भांडण मात्र आहे. अलीकडे रॅम्प दिसू लागलेत, त्याचा आनंद आहे. पण लिफ्टचं दार माझं पाऊल उचलण्याआधी मिटतं. सिग्नल मी मध्यावर असताना सुटतो. खिडकीवरचा माणूस पाकिटातून कार्ड निघेपर्यंत मागच्याचं नाव पुकारतो. चांगली माणसं धावत येतात आणि दंडाला धरून ओढतात. शहरातला कुणीच माझ्याशी वाईट वागत नाही, पण थांबायची कुणाची तयारी नाही. आणि घाई झाली की माझं होतं ते कामही होत नाही. नाशिक काय आणि तुमचं जळगाव काय, म्हातारी माणसं वाढणार आहेत आणि त्यांच्यात आमच्यासारखेही. थोडं थांबण्याला पैसा लागत नाही.

घरात याची सुरुवात तूच कर. भाऊजी शर्टाचं बटण लावत असतील तर लावू दे, निघायचं असेल तर अर्धा तास आधी तयारीला लागा. ते चालत असताना त्यांना काही विचारू नकोस. लक्ष दोन ठिकाणी गेलं की पाऊल चुकतं. उत्तर द्यायला वेळ लागला तर त्यांचं वाक्य तू पूर्ण करू नकोस. जे करायला त्यांना वेळ लागेल पण जमेल, ते त्यांचंच राहू दे. जे जमणार नाही, ते विचारून कर.

आणि हाच नियम स्वतःलाही लाव. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. त्यांच्या सभांमध्ये मी शुभार्थींपेक्षा शुभंकर जास्त थकलेले पाहिले आहेत. आठवड्यातली एक दुपार तुझी राख. भजनाला जा, झोप, काहीही कर. तेवढा वेळ मुलाला घरी बसव आणि "जमेल का रे?" असं विचारत बसू नकोस, सांगून टाक. हा आजार वर्षानुवर्षांचा आहे. पहिल्याच वर्षात तू मोडून पडलीस तर भाऊजींचं कोण करणार?

थंडी ओसरली की दोघं इकडे या. नाशिकच्या थंडीत माझंही अंग आखडतं. येताना रिपोर्ट आणि गोळ्यांच्या वेळांचा कागद आण. भाऊजींना आणि मला शेजारी बसून बोलू दे. तुला सांगायला त्यांना जड जाईल असं बरंच काही ते मला सांगतील.

तुझी,
धाकटी