तीन शनिवार, एक ॲडमिशन

वीकेण्ड ट्रिप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे अलिबाग नाहीतर माथेरान येतं. गेल्या वर्षी माझे लागोपाठ तीन शनिवार मात्र भलत्याच टूरवर गेले. सोबत वहिनी आणि तिच्या पर्समध्ये दादाची मेडिकल फाइल. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. आयटीत टीम लीड, लेकीचा लाडका बाबा आणि सकाळी हात थरथरू नयेत म्हणून साडेसातलाच क्वार्टर उघडणारा. (बेवडा म्हणजे गटारात लोळणारा, हे चित्र आधी पुसा. दादाचं अप्रेझल झक्कास होतं!)

पहिला शनिवार घाटाजवळच्या एका पॉश सेंटरला. स्विमिंग पूल, लॉन, ब्रोशरवर सूर्योदय. वहिनीनं एकच विचारलं, "रात्री डॉक्टर असतात?" मॅनेजर म्हणाला, "बोलावले की येतात." किती वेळात? यावर त्यानं चहा मागवला. नोंदणीचं सर्टिफिकेट म्हणे 'प्रोसेसमध्ये' होतं. चहा न पिताच निघालो.

हा प्रश्न वहिनीच्या डोक्यात घातला होता आमच्या सायकियाट्रिस्टनी. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, कधी जिवावरही बेततं. म्हणून आधी औषधोपचार, बाकी सगळं नंतर. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं, त्यामुळे अशा सेंटरला नोंदणी लागतेच. पेशंटला साखळीनं बांधणं तर साफ बेकायदा. 'आम्ही उचलून नेतो' असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या, बॉस.

दुसरा शनिवार वांद्रे. चॅपल रोडवर, माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 'कृपा फाउंडेशन' आहे. १९८१मध्ये ते सुरू करणारे फादर जो परेरा स्वतः दारूतून बाहेर पडलेले, शिवाय बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यामुळे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या जोडीला इथे योगासनं. मला जागा सॉलिड आवडली. दादानं मान हलवली. त्याचे सगळे अड्डे वांद्रे-अंधेरी पट्ट्यात! "खिडकीतून बार दिसला नाही तरी मला तो कुठाय ते माहितीय," म्हणाला. मला ते पटलं. ज्याला जायचंय त्याचं म्हणणं ऐकायला नको?

तिसऱ्या शनिवारी पहाटेची इंद्रायणी. कर्जतचा वडाही वहिनीच्या घशाखाली उतरेना. पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण'. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ला, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या एक लाखाच्या देणगीवर, मेंटल हॉस्पिटलच्या आवारात उभं केलेलं. आज स्वतःच्या इमारतीत आहे. उपचार ३५ दिवसांचे. इथे काम करणाऱ्यांत कितीतरी जण एकेकाळचे पेशंट, त्यामुळे 'मी कधीही सोडू शकतो'चा फंडा तिथे चालत नाही! बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. आणि पेशंटच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट. याबद्दल ऐकताना वहिनी पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसली. तोवर तिला कुणी 'तू कशी आहेस?' असं विचारलंच नव्हतं, मी धरून.

हेच सगळ्यांना लागू, असं नाही हं. ज्याला अजून फिट-थरथर नाही, घरचे पाठीशी आहेत, त्याचं सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीवरही भागू शकतं. ब्राउन शुगरवाल्याची औषधं वेगळी. डिप्रेशन असेल तर त्याचा इलाज सोबतच हवा. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट.

दादानं येरवडा निवडलं. घरच्यांचं म्हणणं, ऑफिसला 'कावीळ' सांग. त्यानं एचआरला खरं कारण लिहिलं. चार ओळींचा मेल, पाठवायला दोन तास लागले. रात्री बॅग भरताना लेकीनं लॅपटॉप हळूच बाहेर काढला आणि त्या जागी कॅरमची स्ट्रायकर ठेवली.