माशी सातबारा वाचत नाही

मंडळी, मार्च लागलाय. पहिल्या मोहोराचा आंबा पेटीत जायला लागला, मागचा अजून सुपारीएवढा आहे आणि काही कलमांवर तर नुसती कणी दिसतेय. आता दोन महिने पेपरात हापूसच्या बातम्या येत राहतील. पहिली पेटी वाशीला कितीला गेली, पेटीला हार घातलेला फोटो, दर उतरला, दर चढला. मीही दरवर्षी देतो या बातम्या, तो माझा धंदाच आहे. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात आतल्या पानावर एक चार ओळींची बातमी असते: फळमाशीमुळे बागायतदार हवालदिल.

ती बातमी मेमध्ये येते, तिथेच सगळं चुकतं. तोपर्यंत माशीचं काम झालेलं असतं. तिच्याबद्दल बोलायचं तर आत्ता बोलायला हवं. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो.

ही माशी दिसायला तशी देखणी. घरातल्या माशीपेक्षा थोडी मोठी, पाठीवर पिवळे पट्टे, बारीक कंबर. शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. मादीच्या शेपटाला सुईसारखा अवयव असतो. तो ती पक्व होत आलेल्या आंब्याच्या सालीत खुपसते आणि आत अंडी घालते. वरून फक्त एक टोचल्यासारखा ठिपका. काढणी करणाऱ्याला तो दिसत नाही, पेटी भरणाऱ्यालाही नाही. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, अळ्या गर खात आत सरकतात. आंबा आढीत पिवळाधमक होतो, पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे पोचतो, तिकडे सुरी फिरते आणि मग आपल्याला फोन येतो. हल्ली बरीच पोरं दलालाला टाळून थेट पेट्या विकतात. त्यांना विचारा या फोनबद्दल. पैसे परत देता येतात, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसरीकडे जातं, आणि जाताना सोसायटीतली आणखी चार घरं घेऊन जातं.

पण या माशीचं खरं घर आंब्यात नाही, मातीत आहे. आणि आपल्याकडे कुणी त्याबद्दल बोलत नाही. अळी मोठी झाली की गळलेल्या फळातून बाहेर पडते, अक्षरशः उड्या मारत, आणि मातीत दोन-चार बोटं खाली जाऊन कोष करते. आठ-दहा दिवसांनी त्यातून नवी माशी. आठवडाभरात ती स्वतः अंडी घालायला तयार. म्हणजे कलमाखाली सडत पडलेली गळ ही माशीची शाळा आहे. आज पडलेला एक किडका आंबा उचलला नाही, तर महिन्याभराच्या आत त्यातल्या माश्या तुमच्या, नाहीतर शेजाऱ्याच्या झाडावर असतात. आणि एक मादी आयुष्यात हजाराच्या वर अंडी घालू शकते. गुणाकार तुम्हीच करा.

आता सापळ्याकडे येऊ. सापळ्याची गंमत अशी की त्याचा शोध आपल्याच देशात लागला, तोही मच्छरांमुळे. बिहारमधल्या पुसा इथे इंग्रजांच्या काळात शेतीसंशोधन संस्था होती. तिथल्या हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाच्या शेजाऱ्याने मच्छर पळवायला गवती चहाच्या जातीच्या गवताचं, सिट्रोनेलाचं तेल लावलं. मच्छरांचं काय झालं माहीत नाही, पण फळमाश्यांची झुंबड उडाली. आणि त्या सगळ्या नर. हॉवलेटने १९१२ साली त्यावर लिहिलं आणि पुढे त्या तेलातलं नेमकं कोणतं द्रव्य नरांना ओढतं तेही शोधलं: मिथिल युजेनॉल. आपल्या तुळशीतही ते असतं. आज जगभर या माशीचे सापळे याच वासावर चालतात. आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळाही त्यावरच चालतो. हेक्टरी चार सापळे, जमिनीपासून दोन-तीन मीटरवर, सावलीतल्या फांदीला. खर्च म्हणाल तर एका पेटीच्या पैशात काम होतं.

मग तरीही दरवर्षी हवालदिल का?

एक कारण सरळ आहे. सापळ्यात फक्त नर मरतात. फळाला डंख मारते मादी. नर आधीच कमी केले तर माद्यांना जोडीदार मिळत नाही आणि पुढची पिढी घटते, असा तो हिशोब आहे. म्हणजे सापळा लागायला हवा फळ अंड्याएवढं असताना, काढणीच्या दीड-दोन महिने आधी. मे महिन्यात, पोट भरलेल्या माद्या बागेत फिरत असताना सापळा टांगला तर त्यात माश्या भरपूर पडतात, बागायतदाराला बरं वाटतं, आंबा मात्र किडायचा तो किडतोच. "सापळा भरला म्हणजे काम झालं" हा मोठा गैरसमज आहे. सापळा भरला याचा अर्थ बागेत माशी फार आहे, एवढाच.

आणि सरकारी वाटपाचे सापळे नेमके कधी येतात? एका वर्षी आमच्या भागात ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात आले. वाटपाचा कार्यक्रम झाला, फोटो झाला, मी गेलो होतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण टेबलामागचा माणूस स्वतःच वैतागलेला होता. डबे आले होते, आतल्या वासाच्या गोळ्या मागाहून येणार होत्या. त्या आल्या तेव्हा मृग लागला होता. ते डबे आज वाडीत काय काय कामाला येतात ते बघायला या एकदा. एका घरी पोरांनी त्यात खेकडे ठेवलेले मी स्वतः बघितलेत.

दुसरं कारण जरा अवघड आहे. त्यावर बोललं की माणसं नाराज होतात.

आमच्या वाडीत एक तात्या आहेत. चाळीसेक कलमं. रोज सकाळी टोपली घेऊन गळ उचलतात, दोन फूट खड्डा काढून पुरतात, वर माती दाबतात. सापळे वेळेवर लावतात. त्यांच्या गडग्यापलीकडे मोठी बाग आहे. मालक मुंबईला, सातबाऱ्यावर अकरा नावं, बाग कराराने व्यापाऱ्याला दिलेली. व्यापारी एप्रिलपर्यंत झाडाला फुलासारखं जपतो. मेच्या मध्यावर दर कोसळतो, मग आंबा किलोवर कॅनिंगला. पहिला वळीव पडला की नेपाळी कामगार गावाकडे निघतात, व्यापाऱ्याचा हिशोब मिटलेला असतो आणि झाडावरचा उरलासुरला आंबा पडतो तिथेच सडतो. व्यापाऱ्याला दोष देऊन भागत नाही. पुढच्या वर्षी ही बाग त्याच्याकडे असेल की नाही हेच त्याला माहीत नसतं, तर तो जूनमध्ये गळ उचलायला माणूस का ठेवेल? करारपत्रात खत कुणी घालायचं ते असतं, फवारणीचा खर्च असतो, राखण असते. गळ कुणी उचलायची हे मी एकाही करारात लिहिलेलं बघितलं नाही.

तात्यांना मी म्हटलं, तुमच्याकडे तरी माशी कमी असेल. ते म्हणाले, "पत्रकारानू, माशी काय सातबारो वाचून येता?"

बरोबर आहे. तात्यांच्या सापळ्यात तात्यांकडचे नर मरतात. पलीकडे जोडी जमवून आलेली मादी गडगा ओलांडते आणि तात्यांचा निगुतीने राखलेला आंबा टोचते. बरं, फक्त आंबाच नाही. परसातला पेरू, चिकू, जांब, पपई, सगळ्यांवर ही जगते. आंबा संपला की पेरूवर, पेरूवरून आणखी कशावर, असं वर्षभर तिचं चालू असतं. चाळीस कलमांचा एकटा शहाणा माणूस तिच्यापुढे काय करणार?

जगात हिला हरवलंय का कुणी? हो, हरवलंय. प्रशांत महासागरातल्या रोटा नावाच्या छोट्या बेटावर १९६०च्या दशकात अमेरिकनांनी मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून टाकले आणि माशी संपवली. जपानने ओकिनावाकडची बेटं १९८६ पर्यंत याच पद्धतीने साफ केली. पण त्यांच्या चारी बाजूंना समुद्र होता, आणि बेटावर एकही झाड सुटणार नाही अशी व्यवस्था होती. आपल्याकडे माशी नष्ट होईल असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून औषध विकत घेऊ नका. कमी मात्र करता येते. त्यासाठी निदान अख्खी वाडी हवी, एकटादुकटा गडगा पुरत नाही.

जपानने एवढा खर्च केला, म्हणून आपल्या आंब्यासाठी त्यांनी वीस वर्षं दार बंद ठेवलं. ते २००६ मध्ये उघडलं, तेही फळ गरम वाफेतून काढायचं या अटीवर. अमेरिकेला जाणारा आंबा विकिरण करून जातो. युरोपचं तर तुम्हाला आठवत असेल. १ मे २०१४, ऐन हंगाम. हापूस आणि त्याच्याबरोबर कारली, पडवळ, वांगी, अळू, सगळ्यांवर बंदी. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत किडी सापडल्या होत्या, त्यात फळमाशीही होती. तेव्हा आपण इंग्रजांना भरपूर शिव्या घातल्या. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. आता फळ ४८ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवून युरोपला पाठवतात.

त्यांची भीती खोटी नव्हती. आपल्याकडची ही साधी माशी २००३ मध्ये केनियात सापडली आणि बघता बघता आफ्रिकाभर पसरली. शास्त्रज्ञांना ती नवीच जात वाटली. २००५ मध्ये त्यांनी तिचं नाव ठेवलं 'इन्व्हेडन्स', म्हणजे घुसखोर. दहा वर्षांनी पक्कं झालं की ही तीच, आशियातली डॉर्सालिस. २०१७ मध्ये ती रियुनियन बेटावर पोचली, २०१८ मध्ये इटलीत सापडली. आपल्या घरची पोर परमुलखात दरोडेखोर म्हणून ओळखली जाते, असला प्रकार.

पण निर्यात किती जण करतात? आपल्यातले बहुतेक आंबे मुंबई-पुण्याच्या पुढे जात नाहीत. तिथे कुणी तपासणी करत नाही, म्हणून आपण ढिले. आणि एक लक्षात ठेवा, फळपीक विमा हवामानावर मिळतो. अवकाळी पाऊस, तापमान, वारा. माशीने आंबा खाल्ला याचा एक रुपया कुणी देत नाही.

परदेशात सापळा आधी मोजायला लावतात, मारायला नंतर. दर आठवड्याला सापळा उघडायचा, माश्या मोजायच्या, सापळे आणि दिवस यांनी भागायचं, आकडा लिहायचा. तो चढायला लागला की गळ दुप्पट उचलायची, काढणी लवकर उरकायची, माद्यांसाठी आमिषाची फवारणी करायची. आपल्याकडे कृषी खात्यापासून बागायतदारापर्यंत सगळे सापळे 'लावतात'. मोजत कुणी नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची नावं असतात, तिथेच शेजारी 'या आठवड्याची माशी' म्हणून एक आकडा लिहायला काय हरकत आहे? शाळेतली पोरंसुद्धा मोजतील. खेकडे ठेवण्यापेक्षा बरं.

जाता जाता एक. काही जुन्या पत्रकांत सापळ्यात घालायला डायक्लोरव्हॉस सांगितलेलं असतं. ते ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. जुनी बाटली घरात असेल तर वापरू नका, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राला आजचं औषध विचारा. आणि आंब्याच्या सापळ्यात कारल्याची माशी येत नाही म्हणून तक्रार करू नका, तिचा वास वेगळा, सापळाही वेगळा.

आमच्या वाडीत या रविवारी सकाळी देवळात बसायचं ठरलंय. विषय दोनच: सापळे कुणाच्या बागेत किती, आणि मुंबईकरांच्या दोन बागांतली गळ कुणी उचलायची व मजुरी कुणी द्यायची. अकरापैकी तीन मालकांना फोन झाले, एकाने पैसे पाठवतो म्हटलंय. करारवाल्या व्यापाऱ्यालाही बोलावलंय. येतो म्हणालाय, बघू. तात्यांनी वही आणि पेन आत्ताच आणून ठेवलंय.

तुमच्या गावात कुणी सापळे मोजत असेल तर गावाचं नाव आणि आठवड्याचा आकडा खाली लिहा. जूनपर्यंत मी ते एका कागदावर जमवत राहीन.