शेऱ्याचा रकाना

आमच्या साखर कारखान्यात आयएसओची जाडजूड फाइल काचेच्या कपाटात असते. साखर शिजवायच्या पॅनवर ती कोणी नेत नाही. केमिस्ट म्हणून मी ती वाचलेली. तापमान, व्हॅक्यूम, ब्रिक्स, सगळं बिनचूक. तरी जुने पॅनमन नाना निवृत्त झाले आणि पुढच्याच गाळपात सी-मॅसिक्विटचा, म्हणजे शेवटच्या शिजवलेल्या पाकाचा, दाणा बिघडू लागला. नको तो बारीक दाणा मधेच उगवला की सेंट्रिफ्यूगलची जाळी चोंदते, मळी सुटत नाही, मग पाणी जास्त मारावं लागतं आणि साखर विरघळून मळीबरोबर जाते.

साखर उताऱ्यात ०.१ टक्का घट ऐकायला किरकोळ वाटते. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात ती दिवसाला ५० क्विंटल साखर होते. नानांचा पगार वाचला म्हणून खूश झालेल्यांनी हा हिशेब मांडला नव्हता.

शेवटी नानांना रोजंदारीवर बोलावलं. ते सांगतील, कुणीतरी टिपून घेईल, अशी कार्यालयाची अपेक्षा. नाना काही सांगेनात. प्रूफस्टिकनं नमुना काढायचा, काचेवर पसरून दिव्यासमोर धरायचा आणि पोरांना विचारायचं, "काय दिसतंय?" पोरं दाणा बघायची, नाना पोरांकडं.

"धूळ दिसली की पाणी मार. साहेबांचा आकडा येस्तोवर थांबलास तर पॅन गेला."

साहेब म्हणजे मी, शेजारीच उभा. पण खरं होतं. प्रयोगशाळेतून प्युरिटी कळेपर्यंत दाणा थांबत नाही.

हे टिपायचं कसं, हा प्रश्न उरलाच. झेरॉक्स कंपनीत १९९० च्या दशकात यंत्रं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आपापल्या युक्त्या एका सामायिक संग्रहात टाकत, आणि प्रत्येक युक्तीखाली ती देणाऱ्याचं नाव असे. मला ते खाली नाव असणं आवडलं. पॅनच्या रजिस्टरात मी शेऱ्याचा रकाना वाढवला, खाली लिहिणाऱ्याचं नाव. सुरुवातीला सगळीकडे "ठीक". मग रात्रपाळीच्या एका पोरानं लिहिलं, "शिळा ऊस, सिरप चिकट. दाणा लांबट येतोय. फीड सावकाश." सकाळच्या पाळीनं वाचलं आणि तसंच केलं. नानांनी मात्र शेवटपर्यंत एक ओळ लिहिली नाही. दुसऱ्याचे शेरे वाचून घ्यायचे आणि ज्याचा चुकीचा असेल त्याला बोलावून झापायचे.

यंदा संगणकीय तक्ता आला. त्यात शेऱ्याला जागा नाही; त्याचा आलेख काढता येत नाही म्हणे. रजिस्टर आम्ही संगणकाशेजारीच ठेवलंय. पाळी बदलताना पोरं आधी तेच उघडतात.