मामांची लेन्स कासला जाते

मुलांनो, कास पठाराचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून वर गेलं, की साधारण २५ किलोमीटरवर हे पठार लागतं. उंची सुमारे १२०० मीटर. खाली सगळा जांभा खडक आणि त्यावर मातीचा जेमतेम थर. उन्हाळ्यात गेलात तर म्हणाल, "इथं काय आहे बघण्यासारखं?" पण भाद्रपदात जा! तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा, असे गालिचेच्या गालिचे अंथरलेले दिसतात. २०१२ साली पश्चिम घाटातल्या काही जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यात आपलं कासही आहे.

गेल्या सप्टेंबरात मी आणि माझी सातवीतली भाची तिथं गेलो. आमच्याबरोबर सॅकमध्ये बसून तिसरा एक प्रवासी आला होता, आज मला त्याचीच गोष्ट सांगायची आहे. तो प्रवासी म्हणजे मामांची लेन्स.

माझ्या मामांचा गावात फोटो स्टुडिओ होता. आता तो बंद आहे, पण दोन लेन्स त्यांनी ठेवल्या आहेत. मी मागायला गेले, तेव्हा त्यांनी आधी पहिली लेन्स टॉर्चसमोर धरली. आत बघते तर काय, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे! ती बुरशी होती.

"हिनंच तुझ्या आजीचा फोटो काढला होता," मामा म्हणाले. आजीचा आमच्याकडे तेवढा एकच फोटो आहे.

नंतर ती लेन्स चामड्याच्या पेटीत घालून कपाटात ठेवली आणि चार पावसाळे कुणी उघडलीच नाही. चामडं ओल धरून ठेवतं. कपाटात अंधार, हवाही खेळत नाही. शिळ्या भाकरीवर येते तशी बुरशी काचेवर आली. काचेवर तिला खायला काय मिळतं, असं विचाराल. धूळ आणि आपल्या बोटांचा तेलकटपणा, तेवढं पुरतं तिला! वेळीच साफ केली नाही तर ती काचेवरचा पातळ लेपही खाते आणि मग डाग कायमचा राहतो.

मला हवी होती दुसरी, बारीक वस्तू जवळून टिपणारी. मामा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "नेतेस तर ने. पण मी सांगतो तशी ने."

मग सुरू झाली तयारी. लेन्सला पुढून आणि मागून अशी दोन्ही झाकणं लावली. ती गेली प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत, आणि पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या छोट्या पुड्या निघतात ना? हवेतली ओल शोषणाऱ्या? (त्या खायच्या नसतात बरं का!) तशा चार ताज्या पुड्या डब्यात टाकल्या. मी म्हटलं, "तांदूळ घातले तर?" मामा हसले. "तांदळाची भुकटी काचेवर बसली की ती झाडायला तूच ये." डब्याभोवती गोधडीचा तुकडा गुंडाळला आणि सगळं सॅकमध्ये उभं ठेवलं.

सकाळी साताऱ्याहून बामणोलीची एस.टी. धरली. सॅक वरच्या फळीवर नाही, सीटखाली तर नाहीच नाही. माझ्या मांडीवर! घाटातले हादरे लेन्समधले बारीक स्क्रू ढिले करू शकतात. आपली मांडी ते निम्मे तरी खाते.

कासला उतरलो तर धुकं आणि भुरभुर पाऊस. साध्या लेन्सनं थोडे फोटो काढले. तासाभरानं कुडकुडत रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीत शिरलो. आत शेगडी पेटलेली, चहाची वाफ, माणसांची दाटी. तेवढ्यात भाचीनं उत्साहानं डबा उघडला, पिशवीतून लेन्स काढली, झाकणंही काढली आणि म्हणाली, "मावशी, काच पांढरी झाली गं!"

माझ्या पोटात गोळाच आला. पण ही बुरशी नव्हती. थंड पाण्याचा पेला बाहेरून कसा ओला होतो? तसंच. लेन्स बाहेरच्या हवेनं गार पडलेली आणि टपरीतली हवा उबदार, ओली. पिशवीतच पुरेसा वेळ राहिली असती, तर काच हळूहळू कोमट होऊन दव पिशवीच्या बाहेरच बसलं असतं.

भाची ओढणीनं पुसायला निघाली. मी तिचा हात धरला. पठारावरची बारीक कच ओढणीला लागलेली असणार, एका पुसण्यात चरे! आधी रबरी फुंकणीनं धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, आणि अगदीच गरज पडली तर लेन्सचं खास कापड. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते.

आम्ही थांबलो. आणि नेमकं तेव्हाच बाहेर लख्ख ऊन पडलं! सगळं पठार उजळलं आणि आमची लेन्स आंधळी. भाचीचा चेहरा रडवेला झाला. "चल, तोवर डोळ्यांनी बघू," मी म्हटलं. पायवाट न सोडता आम्ही उकिडव्या बसलो. समोर 'सीतेची आसवं' होती. नखाएवढी जांभळी फुलं. दिसायला किती गरीब, पण या झाडाला इवलेसे फुगे असतात आणि त्यांत ते बारीक जीव ओढून घेतं.

अर्ध्या तासानं काच स्वच्छ झाली, तोवर ऊन गेलं होतं. वाऱ्याकडे पाठ करून, भाचीनं धरलेल्या छत्रीखाली, कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून मी लेन्स बदलली. एकूण सहा फोटो मिळाले. त्यातला एक बरा आहे: फुलावर पावसाचा थेंब आणि थेंबात उलटं आभाळ.

घरी आल्यावर ओली सॅक तशीच बंद ठेवली नाही. सगळं काढून पंख्याखाली वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी लेन्स परत करायला गेलो. भाचीनं दव पडल्याचं स्वतःहून सांगून टाकलं. मामा काही बोलले नाहीत. टॉर्च आणला, लेन्स फिरवून फिरवून पाहिली. मग थेंबाचा फोटो मागून घेतला आणि बराच वेळ हातात धरला.

"पुढच्या वर्षी ऊन असताना काढा," असं म्हणून त्यांनी डब्यात नव्या पुड्या घातल्या.