हात वाजवत असताना

तबलजीनं हेडफोन लावण्याआधी मी कॉम्प्युटरचा बफर बघतो. माइक आणि इंटरफेस कितीही भारी असोत, बफर चुकला की भल्याभल्यांची लय डगमगते.

कॉम्प्युटर आवाज एकेक सॅम्पल करून हाताळत नाही. भज्यांसारखा घाण्याघाण्यानं काढतो. त्या घाण्याचं माप म्हणजे बफर. सेकंदाला ४८,००० सॅम्पल आणि बफर १०२४ असेल, तर एका घाण्याला २१ मिलिसेकंद लागतात. आवाज आत जाताना एक घाणा, बाहेर येताना दुसरा. म्हणजे निदान ४२. आकडा क्षुल्लक वाटतो. पण मिनिटाला १२० मात्रांच्या तीनतालात चौपटीतले दोन बोल १२५ मिलिसेकंदांच्या अंतरानं पडतात. त्यातला तिसरा हिस्सा उशीर झाला, की बोल बोटांखाली आधी आणि कानात नंतर येतो. हात जड होतो, सम मागे सरकते, आणि दोष वादकाच्या माथी जातो. हा त्याच्यावर अन्याय आहे.

म्हणून ध्वनिमुद्रण करताना मी बफर १२८ वर आणतो. उशीर सहाएक मिलिसेकंदांवर येतो. तेवढ्या वेळात हवेतून आवाज दोन मीटर जातो; मैफलीत गवई आणि तबलजी यांच्यातही साधारण एवढंच अंतर असतं. कॉम्प्युटरला वगळून आवाज थेट कानात देणाऱ्या, इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगनं उशीर जवळजवळ नाहीसाच होतो, पण मग सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब कानात मिळत नाही, आणि गायकांना तो हवा असतो.

लहान घाण्यात प्रोसेसरला उसंत नसते. वेळ चुकली की आवाजात ‘टिक्’ येतं. त्यासाठी विंडोजमध्ये इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर निवडतो, पॉवर सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवतो, वायफाय बंद करतो, आधीच्या ट्रॅकवरचे जड प्लगइन फ्रीझ करतो. मग नुसता तानपुरा मुद्रित करून ऐकतो. ठेक्याच्या गर्दीत दडणारं टिक् तानपुऱ्याच्या सलग झंकारात दडत नाही. टिक् आलंच, तर बफर २५६.

मुद्रण संपलं की बफर पुन्हा १०२४. मिक्सिंगमध्ये कुणी वाजवत नसतं. तिथं उशीर बोचत नाही आणि प्लगइनना सवड मिळते.

नवे लोक एकच कायमचं सेटिंग मागतात. ते देता येत नाही. समोर माणूस वाजवतो आहे की नुसती फाइल, यावर ते ठरतं. माणूस असेल, तर धावपळ यंत्रानं करावी. त्याच्या लयीला धक्का लागू नये.