योकोहामाचे रंगवलेले चेहरे

टोकियोतल्या शिबुयाहून निघालेली गाडी थेट बाशामिचीला आणून सोडते. वर आलं की विटांचे पदपथ, गॅसचे दिवे आणि शिमोओका रेंजो यांचं स्मारक. हे मूळचे कानो परंपरेतले चित्रकार. पण डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचा फोटो, पाहिला आणि कुंचला ठेवून कॅमेऱ्यामागे लागले. १८६२ साली त्यांनी योकोहामात स्टुडिओ थाटला. पुढच्याच वर्षी फेलिचे बेआतो इथे आला. १८५७च्या उठावानंतरच्या उद्ध्वस्त लखनौचे फोटो काढणारा तोच हा बेआतो.

तिथून बेंतेन-दोरीकडे वळलो. आता सगळी कचेऱ्यांची आणि खाण्यापिण्याची वर्दळ. बेआतोच्या हाताखाली फोटो रंगवणाऱ्या कुसाकाबे किंबेई यांनी १८८१मध्ये या रस्त्यावर स्वतःचा स्टुडिओ उघडला होता. बोटीने आलेले परदेशी प्रवासी इथून लाखेच्या वेष्टनाचे अल्बम घेऊन जात.

निहोन-ओदोरीला, जुन्या ब्रिटिश वकिलातीच्या आवारात योकोहामाचं इतिहास संग्रहालय आहे. अशा हाताने रंगवलेल्या फोटोंसमोर घाई करून चालत नाही. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर तपकिरी छबी उमटायची. तिच्यावर कारागीर पारदर्शक जलरंग चढवायचे. खालची छाया झाकता कामा नये आणि रंग तर दिसला पाहिजे, अशी ती कसरत. प्रत्येक प्रत वेगळी रंगवलेली, त्यामुळे एकाच निगेटिव्हमधल्या बाईचा किमोनो एका अल्बमात निळा, तर दुसऱ्यात गुलाबी असू शकतो.

किंबेईंच्या एका फोटोत वादळात छत्री सावरणारी तरुणी आहे. स्टुडिओत कुठलं वादळ? किमोनोचा घोळ तारांनी उडता ठेवलाय आणि पावसाच्या रेघा निगेटिव्हवर ओरखडल्यात. सामुराईंचंही तेच. १८७६च्या फर्मानाने त्यांच्या कमरेची तलवार गेली, तरी पुढची कितीतरी वर्षं भाड्याची माणसं चिलखत चढवून कॅमेऱ्यासमोर बसतच होती.

म्हणून हे अल्बम जुन्या जपानचा पुरावा म्हणून चाळू नयेत. गिऱ्हाइकाला कोणता जपान हवा होता, ते यांतून चोख कळतं. त्यातला अस्सल भाग एकच, रंगाऱ्याचा हात; आणि फोटोवर नेमकी त्याचीच सही नसते.

योकोहामाला गेलात तर चायनाटाउनच्या आधी अर्धा दिवस इथे द्या. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालयाला सुट्टी असते.