आधी उचल, मग ऊस

नगरमध्ये लघुपटाची संहिता शिकवताना दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, गोष्ट उलटी सांगू का?" महोत्सवाच्या परीक्षकांवर छाप पाडायला सांगायची असेल तर नको, हे माझं ठरलेलं उत्तर. प्रसंगांची अदलाबदल संगणकावर अर्ध्या तासात होते. त्यात शौर्य नाही. 'मेमेंटो'मध्ये (2000) रंगीत प्रसंग उलट्या क्रमानं येतात, कारण नायकाला नुकतंच घडलेलं आठवत नाही. मग आधीचं प्रेक्षकालाही ठाऊक नको.

आमच्या मुलांना जवळचा दाखला नागराज मंजुळेंचा. ते इथल्याच न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले. त्यांच्या 'पावसाचा निबंध'ला 65व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. पोराला शाळेनं पावसावर निबंध लिहायला दिलाय आणि घर गळतंय. वळणावळणाचं कथानक नाहीच. निबंध आणि पाऊस समोरासमोर उभे केले, एवढीच बांधणी, ती पुरते.

पाथर्डीकडच्या एका विद्यार्थ्यानं ऊसतोडीवर संहिता आणली. दसऱ्यानंतर टोळी निघते, फडावर राबते, उन्हाळ्यात परतते. सरळ, आणि खरं सांगायचं तर सपक. मी विचारलं, पैसे कधी मिळतात? "आधीच." तिथंच मला रचना सापडली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती मुकादमाकडून उचल घेते. पैसा लग्नात, दवाखान्यात खर्च होतो आणि मग हंगामभर मोळ्या बांधून तो फेडायचा. यांच्या आयुष्यातच मोल आधी आणि काम नंतर. मग पडद्यावर आधी श्रम दाखवावेत, शेवटी पैसा.

आता पहिला प्रसंग एप्रिलमधला: मुकादम वही उघडतो, बाकी अजून उरलेलीच. मग रात्री गाडी भरणं, त्याआधी फडाशेजारी कोपी उभारणं, त्याआधी गावातून ट्रक सुटणं. प्रत्येक प्रसंग आतून सरळच चालतो, फक्त त्यांचा क्रम उलटा. प्रेक्षक गोंधळू नये म्हणून तो 'चार महिन्यांपूर्वी' अशा पाट्या टाकणार होता. मी त्या काढायला लावल्या. प्रत्येक प्रसंगात एकदा वहीतला आकडा दिसला की झालं. सिनेमा पुढं जातो तशी बाकी वाढत जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रसंगाला चोख हिशेब ठेवणारी कुठलीही बाई ते ओळखते. शेवटचा प्रसंग बहिणीच्या लग्नाचा. उचलीच्या नोटा मोजल्या जातात आणि मांडववाल्याच्या हाती जातात. हलगी जोरात वाजते, सगळे नाचतात. इथं करुण संगीत घातलं तर मी गुण कापीन, असं त्याला सांगून ठेवलंय.

अडचण निर्मितीची आहे. ऊस आमच्या क्रमानं वाढत नाही. लग्न आणि ट्रकचे प्रसंग टोळी गावात असतानाच उरकावे लागतील, फड थंडीत, आणि सिनेमाचा पहिला प्रसंग सगळ्यात शेवटी, हंगाम संपल्यावर. तोवर नटाची दाढी कुठल्या प्रसंगात किती वाढलेली, याचा तक्ता त्यानं आत्ताच करायला हवा.